हलका दोर

१

गल्लीत तिला सगळे कळवाली म्हणत. तिच्या घरात जिथे हात घालावा तिथे एखादी कळ असायची, ओढायची, दाबायची नाहीतर फिरवायची. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टरांनी आईसमोर नुसती मान हलवून 'नाही' म्हटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने काडेपेट्या, तार आणि बटणं जमवून एक डॉक्टर बनवला. त्याच्या पाठीतली काडी फिरवली की तो गंभीर चेहऱ्याने मान हलवायचा. आलागेला प्रत्येक जण ती काडी फिरवून हसायचा. आईला मात्र हसू आलं नाही. तिने डॉक्टर उंच फळीवर ठेवून दिला, आणि तो काढता यावा म्हणून पोरीने छत्रीच्या काड्यांचा एक लांब चिमटा केला. तिचं पहिलं खरं अवजार ते.

आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. आईच्या माघारी ती एकटीच राहत होती. तळमजल्यावर एका रांगेत तीन खोल्या होत्या, निजायची, स्वयंपाकाची आणि कामाची. छताखालून एक लोखंडी नळ तिन्ही खोल्यांतून गेलेला. त्याच्यावर चाकं, चाकांखाली जाड कापडी पट्ट्यांची बसकण. याला ती पाळणा म्हणायची. नळाच्या बाजूने एक दोर या टोकाच्या भिंतीपासून त्या टोकाच्या भिंतीपर्यंत ताणलेला होता. पाळण्यात बसायचं, दोर धरायचा आणि हातापुढे हात टाकत स्वतःला ओढत न्यायचं. दाराची कडी, खिडकीची झडप, चुलीवरची किटली, सगळ्यांच्या दोऱ्या तिच्या हाताच्या उंचीवर लोंबत. प्रत्येक दोरीच्या टोकाला वेगळ्या घाटाचा मणी होता, म्हणजे न बघता कळावं. चौकोनी मणी ओढला की किटली कमरेत वाकून कपात पाणी ओतायची. "आमची किटली फार नम्र," ती म्हणायची, "घरातली तेवढी एकच."

मोटर मात्र तिने कुठेच लावली नव्हती. बहिणीच्या नवऱ्याने फुकट बसवून देतो म्हटलं होतं. "नको," ती म्हणाली, "माझ्या घरात मी ओढल्याशिवाय काही हलत नाही. हललं तर मला घर सोडावं लागेल."

बहिणीच्या नवऱ्याला तो विनोद वाटला.

एका सकाळी उठून ती पाळण्यात बसली, दोराला हात घातला आणि पहिला हिसका दिला. रोज या पहिल्या हिसक्याला खांद्यात एक कळ यायची. ती आली की तिला खरी जाग यायची. त्या दिवशी कळ आली नाही. पाळणा सरळ पुढे गेला, दोर हातात असून नसल्यासारखा. कुणी पाठीशी उभं राहून, बेताने, ढकलावं तसा.

तिने मागे वळून पाहिलं. गादी, उशी, खिडकीतलं ऊन.

२

पहिल्यांदा तिने मनाला समजावलं ते तेलाचं नाव सांगून. आठवड्यापूर्वी चाकांत तेल सोडलं होतं, ते आता मुरलं असेल. पण तेल ती वर्षानुवर्षं सोडत होती, आणि आजवर कुठल्या तेलाने अशी मेहेरबानी केली नव्हती. मग वाटलं, आपणच वाळलो असू. कामाच्या खोलीत भंगार तोलायचा मोठा काटा होता. त्यावर ती बसली. वजन होतं तेवढंच होतं.

ती पडली यंत्रं करणारी. मनात पाल चुकचुकली की देवाला हात जोडण्याऐवजी ती पेचकस उचलायची. तिने कप्पीने पाळण्यात आपल्या वजनाची वाळूची गोणी चढवली, पाळण्याला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि बाजूला खुर्चीत बसून ओढलं. काट्याने नेहमीचाच आकडा दाखवला. चाकं होती तशीच होती, नळही तसाच. मग गोणी उतरवून ती स्वतः बसली, काटा दोराला अडकवला आणि त्याला धरून ओढलं. काटा जेमतेम हलला. पाळणा मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन थांबला.

तिने पुन्हा गोणी ठेवली, पुन्हा ओढली. जड.

पुन्हा स्वतः. हलकं.

नळाचं बारीक कुरकुरणं थांबल्यावर खोली फार शांत वाटली. एरवी अशा शांततेत पलीकडच्या घरातल्या शिवणयंत्राचा, मोरीतल्या नळाच्या थेंबाचा आवाज यायचा. ते आवाज होतेच, पण जरा दाबलेले. आजाऱ्याला झोप लागली की घरातली माणसं आवाज कमी करतात, तसे.

"काटा बिघडलाय," ती मोठ्याने म्हणाली. काटा तिने स्वतः केलेला होता, आणि तो बिघडलेला नाही हे तिला ठाऊक होतं.

३

रविवारी धाकटी आली. धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण, दर रविवारी डबा घेऊन यायची आणि डब्याबरोबर तोच एक प्रश्न आणायची.

"ताई, किती दिवस अशी लोंबकळत राहणार? आमच्याकडे चल की."

"लोंबकळतेय म्हणून तर कुणाच्या डोक्यावर बसत नाही."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," धाकटी म्हणाली आणि भांडी घासायला घेतली. घासता घासता तिने बहिणीकडे नीट पाहिलं. "पण चेहरा टवटवीत दिसतोय हं तुझा. झोप लागते वाटतं हल्ली."

झोप लागत होती. अंग दुखत नव्हतं. घरातल्या इतर गोष्टीही आता हलक्या झाल्या होत्या. दाराची कडी मण्याला बोट लावलं की उघडायची. घट्ट बसलेलं झाकण हातात धरलं की सैल व्हायचं. कळवालीने यातलं धाकटीला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? 'माझ्या घरात सगळं सोपं झालंय' ही काय तक्रार झाली? धाकटी आपल्या घरी पहाटेपासून दहा माणसांचं करत होती. ती म्हणाली असती, मग तो कोण आहे त्याला माझ्याकडे पाठव.

"जरा पाळण्यात बस ना," कळवाली म्हणाली.

"मी? कशाला?"

"बस तर. चाकं तपासायचीत."

धाकटी हसत बसली आणि दोर ओढू लागली. निम्म्या खोलीपर्यंत जाता जाता तिला धाप लागली. "बाई गं! तू रोज हे ओढतेस?"

"रोज."

धाकटी उतरली. तिने बहिणीचा दंड हातात धरला, कौतुकाने दाबून बघावा तसा. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "ताई, दंड उतरलेत गं तुझे. लोखंडासारखे होते."

"वय झालं," कळवाली म्हणाली. बाही खाली ओढताना तिला जाणवलं की बाही पूर्वीपेक्षा सहज सरकली.

४

कामाच्या खोलीत त्या दिवसांत 'बाजार' उभा राहत होता. कळवालीचं आजवरचं सर्वांत मोठं काम ते. माणूस झोपेल एवढ्या टेबलाच्या फळीवर एक अख्खा रस्ता होता, लाकडाची, पत्र्याची, तारेची माणसं असलेला. न्हावी दाढी करत होता, शिंपी सुई ओढत होता, बाई पंपाने पाणी उपसत होती, दोन म्हातारे भांडत होते आणि एक हमाल पोतं उचलून पुन्हा ठेवत होता. फळीखाली वाकड्या चकत्यांची रांग होती. बाजूचा एकच दांडा फिरवला की चकत्या फिरायच्या, काड्या वरखाली व्हायच्या आणि वरचा सगळा रस्ता कामाला लागायचा. खालचं पोट दिसावं म्हणून तिने टेबलाखाली एक आरसा तिरका बसवला होता.

गावातल्या कलादालनाच्या बाई ते बघायला आल्या होत्या आणि त्यांनी प्रदर्शनात मधली जागा देऊ केली होती. त्यांनी पाटीचा मजकूरही वाचून दाखवला. तो 'अपंग असूनही' या शब्दांनी सुरू होत होता.

"ते खोडा," कळवाली म्हणाली.

"अहो, लोकांना प्रेरणा मिळते त्याने."

"प्रेरणा दुसरीकडे मिळेल. मी 'असूनही' काही केलेलं नाही. पाय असते तर मी हे केलं नसतं, फिरायला गेले असते."

बाई हसल्या, खोडलं.

बाजारातली शेवटची काही माणसं राहिली होती. कळवालीने शिंप्याचा हात कानशीने घासायला घेतला, आणि कानसही हलकी झाली. पितळ लोण्यासारखं उतरू लागलं. तिच्या मुठीवर कुणाची मूठ असावी तशी एक ऊब होती, आणि कानस जिथे जायला हवी तिथे आपण होऊन जात होती. जेवणवेळेपर्यंत हात तयार झाला. इतकी बारीक, इतकी जिवंत बोटं तिने जन्मात घासली नव्हती.

इथे एक गोष्ट खरी सांगायला हवी. तिला आवडलं. आयुष्यभर दगडातून पाणी काढलेल्या बाईला कुणी आयता हंडा भरून दिला तर ती काय लगेच ओतून देईल? तिने मनाशी म्हटलं, भास म्हण, नशीब म्हण, काम होतंय ना? पुढचे काही दिवस ती नुसती बसायची, अवजार उचलायची, आणि माणसं घडत जायची.

फक्त एक गोष्ट जरा उशिरा तिच्या लक्षात आली. दांडा फिरवला तेव्हा जुनी माणसं काम करत होती. न्हाव्याचा वस्तरा चालला, बाईने पाणी उपसलं. ही नवी सुबक माणसं काहीच करत नव्हती. शिंप्याचा तो सुंदर हात सुई घेऊन उठलाच नाही. तो त्याच्या मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या हातावर अलगद ठेवलेला. काडी बरोबर होती, चकती बरोबर होती. बाजूच्या चांभाराचंही तसंच, फुलवालीचंही. सगळी चेहऱ्यावर समाधान घेऊन, मांडीवर हात ठेवून बसली होती. त्यांची तोंडं तिच्याकडे होती.

तिने तोंडं अशी वळवलेली तिला आठवत नव्हती.

५

पितळेच्या खिळ्यांसाठी तिला बाहेर पडावं लागलं. बाहेर जायला तिची तीनचाकी होती, हातांनी पायडल मारायची, साखळीपासून गादीपर्यंत स्वतः बनवलेली. दारातून ती सहज निघाली. गल्लीच्या तोंडाशी मात्र सगळं बदललं. तीनचाकी एकदम जड झाली, पूर्वी होती तेवढी. कळवालीला हायसं वाटलं. म्हणजे आपण वेडे झालो नाही; जे काय आहे ते घरातच आहे.

पुढे चढ होता. हा चढ ती तरुणपणापासून चढत आली होती. मध्ये कधी थांबायची नाही, उलट पायी चालणाऱ्यांना 'चला, चला' म्हणत पुढे जायची. त्या दिवशी निम्म्या चढावर तिचे हात थांबले. पायडल पुढे जाईना. दंड थरथरले, बोटं आपोआप उघडली आणि तीनचाकी मागे घरंगळू लागली. ब्रेक ओढायलाही मुठीत जोर उरला नव्हता.

मागून कुणीतरी तीनचाकी धरली. "राहू द्या मावशी, मी ढकलतो." एक भला माणूस, भाजीची पिशवी हातात. आजवर अशा भल्या माणसांना तिने गोड शब्दांत वाटेला लावलं होतं. आता तिने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून 'बरं' निघालं.

तो तिला वरपर्यंत घेऊन गेला, तब्येतीची चौकशी करत, बेताने. पाठीशी तो दिसत नव्हता. फक्त त्याचा जोर जाणवत होता. आणि मांडीवर तिचे दोन हात पडले होते, एकावर एक.

तिने ते झटकन वेगळे केले. शिंपी असाच बसला होता.

६

खिळे न घेताच ती परतली. दुपार होती. दार बोट लावायच्या आधीच उघडलं.

ती पाळण्यात बसली, पण दोराला हात लावला नाही. हात मुद्दाम छातीशी घेतले आणि वाट बघत बसली. समोर भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता. पलीकडचं शिवणयंत्र चाललं होतं, दबल्यासारखं. तिला वाटलं, आता काही होणार नाही, आणि मग आपण मोठ्याने हसू.

पाळणा हलला.

तो कामाच्या खोलीकडे गेला नाही. तो उलट, निजायच्या खोलीकडे वळला. सावकाश, चाकांचा आवाजही होऊ न देता. तिने दोर पकडला, मागे खेचला. बोटं दोरावरून ओल्या साबणासारखी घसरली. गादीपाशी पाळणा थांबला, तिच्या पाठीला आणि गुडघ्यांखाली काहीतरी आलं आणि ती उचलली गेली. खिडकीची झडप मिटली. गोधडी पायांपासून वर वर सरकत हनुवटीपर्यंत आली आणि कडेने नीट खोचली गेली.

आणि मग छातीवर थाप पडू लागली. लहान मूल झोपवताना थोपटतात तशी. थाप, थाप, थाप. प्रत्येक थापेला गोधडीवर एक उथळ खळगा पडायचा आणि भरून यायचा.

"आई?" ती म्हणाली.

म्हणताक्षणी तिला कळलं की नव्हे. आईने तिला मोठी होईस्तोवर कडेवर घेतलं होतं, थोपटलंही होतं. पण आईच्या हाताला कायम घाई असायची. दूध उतू जाईल, नळ जाईल, धाकटी रडेल. या थापेला कसलीच घाई नव्हती. तिला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

कळवालीला रडू आलं नाही, राग आला. इतका की कानशिलं तापली. पण रागातही ती कामाची बाई होती. तिने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं आणि विचार करायला लागली.

७

सकाळी स्वयंपाकघरात किटली वाकल्याचा आवाज आला आणि वाफाळता चहा उशाशी येऊन राहिला. कळवालीने तो घेतला नाही. उशाखाली तिची पट्टे कापायची सुरी असायची. गोधडीखालून हात नेऊन तिने ती धरली, आणि हात जागीच अडला.

सुरी जड होती. लोखंडाचा ठोकळा उचलावा तशी जड. कितीतरी दिवसांत या घरात जड लागलेली ही पहिली वस्तू. कळवालीच्या ओठांवर हसू आलं. म्हणजे यात तुझी मदत नाही तर. म्हणजे हेच तुला नको आहे.

जिथे जड, तिथे रस्ता.

दोन्ही हातांनी कशीबशी ती तिने बाहीत सरकवली. मग गोड आवाजात म्हणाली, "जरा कामाला बसते हं." क्षणभर काही झालं नाही. मग ती अलगद उचलली गेली, पाळण्यात ठेवली गेली, आणि पाळणा निघाला. स्वयंपाकघर ओलांडलं. कामाच्या खोलीत टेबलापाशी पाळणा आला, तसं तिने सुरी काढली आणि ज्या पट्ट्यावर आपण बसलो आहोत तोच कापायला घेतला. सुरी मणामणाची झाली. मनगटं जळत होती. तिने मूठ घट्ट केली, दात आवळले आणि अंगाचं सगळं वजन पात्यावर टाकलं. पट्टा फाटला आणि ती फरशीवर आपटली.

कमरेतून मस्तकापर्यंत कळ गेली. किती दिवसांनी! ती कण्हली आणि त्याच श्वासात हसली.

मग ती कोपरांवर सरपटू लागली. टेबलावरच्या त्या बसलेल्या माणसांपर्यंत तिला पोचायचं होतं. फरशी खरखरीत होती, कोपरं सोलत होती. टेबलाच्या पायाशी ती आली आणि तिच्या काखांत मागून दोन हात शिरले. उबदार, ताकदीचे. तिला वर उचलू लागले.

टेबलाखालचा तिरका आरसा तिच्या समोरच होता.

आरशाच्या काठाने वरचं सगळं कापलं होतं. दिसले ते फक्त दोन हात, कोपरापासून पुढे. रुंद मनगटं, दोरखंडासारख्या शिरा, तळव्यांना घट्टे. डाव्या अंगठ्यावर पितळ डाग देऊन जोडताना भाजल्याची लांबट, चकचकीत खूण. तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तिथे कातडी कोवळी होती, लहान मुलासारखी. इतकी वर्षं असलेली खूण नव्हती.

परक्या हाताला चावताना माणूस जरा बिचकतो. हे हात तिचे होते. तिने मान वळवली आणि त्या डाव्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला.

तोंडात लोखंडाची आणि तेलाची चव आली. त्याच क्षणी तिच्या स्वतःच्या अंगठ्यात असा ठणका उठला की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण तिने दात सोडले नाहीत. "माझे आहेत," ती तशाच मिटल्या दातांतून म्हणाली. "दे."

कुठेतरी, अगदी जवळ, कुणीतरी दुखावल्यासारखा एक लांब श्वास घेतला. मग काखा रिकाम्या झाल्या आणि ती दुसऱ्यांदा फरशीवर पडली.

पलीकडचं शिवणयंत्र एकदम मोठ्याने ऐकू यायला लागलं.

८

धाकटी आली तेव्हा ताई फरशीवर बसली होती, कोपरांना फडकी गुंडाळून, आणि भोवती हातोडीने चेचलेल्या पितळेचा ढीग होता.

"ताई! पडलीस? कशी पडलीस?"

"पट्टा कापून."

धाकटीने वाकून बहिणीच्या काखेत हात घालायला घेतले.

"थांब. आधी विचार."

धाकटीचे हात हवेतच राहिले. लहानपणापासून ती उचलत आली होती, विचारायची वेळ कधी आली नव्हती. "उचलू का?" तिने विचारलं.

"नको. पण विचारलंस, बरं वाटलं. चहा टाक दोघींना."

चहा पिताना कळवालीने जे झालं ते तिला सगळं सांगितलं. धाकटीने मध्ये एकदाही 'भास असेल' म्हटलं नाही. शेवटी ती म्हणाली, "ते काय होतं गं?"

"मला माहीत नाही. विचारायला मी थांबले नाही."

पाळण्याला नवा पट्टा लागला. दोर जड होता, पहिल्या दिवशी तर ती एका हाताच्या अंतरावरच थकली. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं पुढे. दंड हळूहळू भरले. तळव्यांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. डाव्या अंगठ्यावरची खूण कधी परत आली ते तिला कळलं नाही. एका दुपारी साबण लावताना ती तिथे होती. शिंपी, चांभार आणि फुलवाली तिने नव्याने केली, पूर्वीसारखीच जरा ओबडधोबड. शिंप्याची सुई मात्र आता दर फेऱ्याला वर जात होती.

प्रदर्शनाच्या दिवशी चढावर धाकटीने तीनचाकीच्या मागे हात न लावता चालायचं कबूल केलं आणि ते पाळलं. कळवालीला वाटेत थांबावं लागलं, एकदा नव्हे, बऱ्याचदा. घामाने पाठ भिजली. वर पोचल्यावर धाकटीच म्हणाली, "बघणाऱ्याची दमछाक होते."

दालनात 'बाजार' मधोमध होता. लोक रांगेने येत, दांडा फिरवत, हसत. दालनाच्या बाई कळवालीच्या कानाशी आल्या. "दांडा जरा घट्ट आहे हो. सैल करता येईल का?"

"नाही."

रांगेतून एक लठ्ठशा बाई पुढे झाल्या, खांद्यावरची पिशवी सावरत. त्यांनी दांडा धरला, दोनतीन फेरे जोर लावून फिरवले. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरेच्चा," त्या म्हणाल्या, "हलका झाला की!"

फळीवरचा रस्ता भरभर पळू लागला. वस्तरा, सुई, पाण्याची धार. बाई नुसतं एक बोट लावून उभ्या होत्या आणि दांडा फिरत होता. आजूबाजूच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. दालनातली कुजबुज जरा दबली, आजाऱ्याच्या खोलीतल्यासारखी.

धाकटीने घाबरून बहिणीकडे पाहिलं. कळवालीने तीनचाकी गर्दीतून पुढे घातली. लोक बाजूला झाले. दांड्यापाशी येऊन तिने त्या बाईंच्या हातावर आपला हात ठेवला, घट्ट, सगळ्या घट्ट्यांसकट. मग बाईंच्या खांद्यामागे, जिथे कुणीच उभं नव्हतं तिथे रोखून बघत, शांतपणे म्हणाली, "हात काढ."

बाई गोंधळून मागे वळल्या. भिंत होती.

कळवालीची नजर हलली नाही. "तुला सांगतेय. त्यांनी बोलावलं नाही तुला. हात काढ."

दांडा थांबला. रस्त्यावरची माणसं जिथल्या तिथे उभी राहिली, न्हाव्याचा वस्तरा अर्धवट वर. मग कळवालीने आपला हात उचलला आणि बाईंना म्हणाली, "आता फिरवा."

बाईंनी एका हाताने ओढून पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात लावले, ओठ मिटून जोर केला. दांडा कुरकुरला आणि फिरला. रस्ता पुन्हा कामाला लागला, सावकाश.

"जड आहे हो," बाई धापा टाकत म्हणाल्या.

"आहेच," कळवाली म्हणाली. "फिरवा."